निळी पट्टी पांढरी होताना

तापातून उठले आणि कळलं की मला वासच येत नाही. हिंगाची फोडणी करपली तरी पत्ता लागेना. घरात ते चालून गेलं. सासूबाईंनी दोनदा टोमणा मारला आणि फोडणीचं काम स्वतःकडे घेतलं. पण मी तंजावरात मुलींच्या शाळेत केमिस्ट्री शिकवते. लॅबमध्ये कुठल्या परीक्षानळीतून काय सुटलंय, हे आजवर मला दारातूनच कळायचं. हेडमिस्ट्रेसना मी खरं ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "क्लोरीनचं प्रॅक्टिकल घेऊन पाहा. भीती वाटली तर पुढं नुसती थिअरी घ्या." लॅब सोडायची माझी तयारी नव्हती. मुलींना यातलं काही ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, पंखा लावला आणि वर्गभर घिरट्या घालत राहिले. मुली मिठात मँगनीज डायऑक्साइड आणि आसिड घालून नळ्या हलक्या तापवत होत्या. पापनाशमहून बसनं येणारी एक मुलगी आमच्यासारखीच मराठी घरची. वर्गात तमिळ बोलते, माझ्याशी हळूच मराठी. तिनं नळीच्या तोंडाशी निळा लिटमस धरला होता. पट्टी निळीची निळीच.

"क्लोरीन येईना, मिस," असं म्हणत तिनं नळीवर सरळ नाकच नेलं.

मी तिला खांद्याला धरून मागं ओढलं. "अक्कल गहाण टाकलीस काय गं? आणि ही पट्टी कोरडी ठणठणीत!"

"आसिडापाशी पाणी नको म्हणालां होतां ना, मिस?"

म्हणाले होते खरी. मी पट्टी नळाखाली ओली केली, चिमट्यात धरली आणि नळीशी नेली. कड लालसर झाली. मग तो लालही विरत गेला आणि कागद पांढराशुभ्र उरला. इतकी वर्षं हे दर वर्षी पाहत आले, पण दर वेळी नाक आधीच सांगून मोकळं व्हायचं, कागदाकडे कोण लक्ष देतं! आज मला काहीच कळत नव्हतं आणि त्या बोटभर कागदाला कळलं होतं. एवढी मोठी गोष्ट आणि तिला हवं होतं फक्त थोडं पाणी.

तास संपल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. लांबून, हातानं वारा घेऊन हुंगायचं, हे शंभरदा सांगितलं असताना नाक का घातलंस, म्हणून फैलावर घेतलं.

ती खाली बघत म्हणाली, "मागं लॅबांत सडक्या अंड्याचा वास सुटला, मिस. आम्ही सगळ्या नाक धरून बसलों. तुम्ही बोर्डावर लिहीतच होतां. तेव्हांच आम्हांला कळलं. तेव्हांपासून तुमच्यासाठी आम्हीच वास घेतों. आज माझा टर्न होता."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिला घेऊन परत आत आले आणि नळ्या धूत थांबलेल्या वर्गाला पहिल्यांदा उघड सांगितलं की मला वास येत नाही. कुणालाच नवल वाटलं नाही.

"लॅब मीच घेणार," मी म्हणाले. "पण आजपासून प्रत्येक टेबलावर ओली पट्टी राहील. माझ्यासाठी कुणी नाक पुढं करायचं नाही."

मुली पट्ट्या ओल्या करायला उठल्या आणि नळापाशी एक दुसरीला कुजबुजली, "उद्या टर्न कुणाचा?"