वन्संचा रशियन बंब

माझ्या वन्संइतकं जुन्या रशियन नाटकांवर जीव टाकणारं माणूस पुण्यात दुसरं नाही. रशियात असलं तर मला ठाऊक नाही. ही नाटकं मुळातून वाचता यावीत म्हणून त्या नोकरी सांभाळून रशियन शिकल्या. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणत, "त्या नाटकांत जो तो भलत्याच्याच प्रेमात पडतो आणि चहा पीत बसतो. मी नुसता चहा ठेवला." सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत पाहुण्याला तो बिनदुधाचा मिळतो आणि वर एक अंक ऐकावा लागतो. "अहो, कात्रजला एवढी डेअरी आहे, चमचाभर दूध घाला की," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "तू नाटकाच्या वाटेला जाऊ नकोस."

गेलेच. त्यांचं एकच स्वप्न होतं: स्वतः मराठीत आणलेल्या एका नाटकातली, प्रेम मागे टाकून नटी व्हायला निघालेली मुलगी रंगवायची. त्रेसष्टाव्या वर्षी योग आला. सामानाच्या याद्या अर्थातच माझ्याकडे. रशियन चहाचं भांडं मिळेना, म्हणून कसबा पेठेतल्या तांबटाकडून पाणी तापवायचा बंब आणला. वन्संनी तालमीत त्यात खरे निखारे घातले. सगळे नट खोकत बाहेर. हॉलचा रखवालदार म्हणाला, "बाई, रशियात डास फार का हो?"

त्याच दिवशी नागपूरकडची, आयटीतली एक मुलगी नाटकातल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी आली होती. धूर निवळेपर्यंत वन्संनी तिला सहज नायिकेचं शेवटचं स्वगत वाचायला दिलं. ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे तू कर."

"अन् मग तुम्ही काय करता, मॅडम?"

"प्रॉम्प्टिंग. आणि मॅडम म्हणणं बंद."

घरी येताना मला राहवेना. "अहो, चाळीस वर्षं वाट पाहिलीत!"

"वाट मी पाहिली. नाटकानं कशाला पाहावी?"

प्रयोगात मुलगी एक शब्द चुकली नाही. विंगेत वन्संच्या हातातली वही मिटलेलीच होती. ओठ मात्र तिच्या पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत हलत होते. पडदा पडल्यावर जवळ गेले, तर त्या पदरानं डोळे टिपत होत्या.

"तुझ्या त्या बंबाचा धूर, दुसरं काय!"

बंब रिकामा होता. 'निखारे घालायचे नाहीत' अशी लाल शाईतली नोंद माझ्या यादीत होती आणि यादी माझ्या हातातच होती. मी तिची घडी करून पर्समध्ये टाकली आणि म्हटलं, "हो ना, आज फारच झाला."