आडवे चाक

माणसे घर बांधतात ती एका जागी राहता यावे म्हणून. आमच्या थोरल्या भावोजींनी घर बांधले ते जागेवर राहू नये म्हणून. म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या भावांनी. मोजणी खात्यात जन्म घालवून पेन्शन घेतलेला हा माणूस नांदगावच्या आमच्या वाडीत दोन दिवस स्वस्थ बसला असेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी गावचा सुतार बोलावला आणि चार चाकांच्या बैलगाडीवर फणसाच्या फळ्यांची एक खोली चढवायला घेतली. खोलीला दार, दोन खिडक्या, एका कोपऱ्यात चूल, आणि मधोमध माजघरातून काढून आणलेला झोपाळा. घरातला झोपाळा गेला तेव्हा मी स्पष्ट विचारले, की भावोजी, आता आम्ही बसायचे कुठे? ते म्हणाले, "तुम्हाला बसायला वेळ कधी असतो?" हे खरेच होते, म्हणून मी भाकऱ्या थापायला गेले.

सगळ्या कामाला मोजपट्टी लावायची त्यांना खोड होती. भाकरी ताटात पडली की तिचा व्यास सांगत. नारळाच्या दोन झाडांतले अंतर वीतभर चुकले म्हणून माझ्या सासऱ्यांना, ते वारल्यावरही, दोष देत. गाडीचा तर इंच न् इंच वहीत लिहिलेला. दसऱ्याला गाडी तयार झाली. जाऊबाईंनी अट घातली, की वास्तुशांत केल्याशिवाय मी आत पाऊल ठेवणार नाही. भटजींनी आधी नाही म्हटले, मग हसले, मग केली. पण त्यामुळे एक घोटाळा झाला. वास्तुशांत झाली म्हणजे ते घर झाले, आणि घराला जे नियम ते सगळे गाडीला आले. संध्याकाळी दिवा लागलाच पाहिजे. रांधणारीचे तोंड पूर्वेला हवे. आणि दार काही झाले तरी दक्षिणेला नको, ती यमाची दिशा.

पहिली सफर काशीदची. मीही गेले, कारण हे दोघे जेवतील काय याची मला काळजी. सुरूच्या सावलीत बैल सोडले, चुलीत लाकडे घातली, आणि जाऊबाई हातावर हात ठेवून बसून राहिल्या. तोंड समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला येत होते. भावोजींनी खिशातून होकायंत्र काढून पाहिले आणि मान डोलावली. पुन्हा बैल जुंपले, वाळूत चाके रुतली, कोळीवाड्यातले दहा जण ढकलायला आले. गाडी पूर्वेला वळेपर्यंत तिसरा प्रहर झाला. त्या दिवशी आम्ही कोळणीने दिलेल्या शहाळ्यांवर राहिलो.

घरी आल्या आल्या सुताराला पुन्हा बोलावणे. गाडीच्या सांगाड्यावर एक चाक आडवे बसवले आणि त्यावर खोली ठेवली. खुंटी काढली, की एकट्यादुकट्याने रेटून घर जागच्या जागी फिरवावे. गावात चेष्टेला ऊत आला. पाचवे चाक लावले म्हणजे गाडी लवकर पोचते का, असे जो तो विचारी. भावोजी गंभीरपणे सांगत, की पोचायला चार पुरतात, राहायला पाच लागतात.

त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात त्यांनी इतक्या सफरी केल्या की बैलांना वाटा पाठ झाल्या. दर वेळी जाऊबाईंना झोपाळ्यावर बसवायचे, खाचखळग्यातून गाडी हाकायची आणि उतरल्यावर विचारायचे, "गुडघे?" त्या म्हणत, "आहेत." मग वहीत काहीतरी टिपायचे. मला हे सगळे म्हातारपणाचे खूळ वाटे. वैशाखात ते एकटेच आगरदांड्याला जाऊन आले आणि खाडी ओलांडणाऱ्या तरीची लांबीरुंदी घेऊन आले, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जाऊबाईंचे माहेर खाडीपलीकडे, दिघीच्या टेकाडावर. गुडघे धरल्यापासून आठ वर्षे त्यांना साध्या गाडीचे हिसके सोसत नव्हते. वडील ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांनी अधू. ते येऊ शकत नव्हते, ह्या जाऊ शकत नव्हत्या. झोपाळा हिसके खाई, गुडघ्यांना लागू देत नसे. इतके महिने ही तालीम चालली होती आणि मी मेली झोपाळ्यासाठी कुरकुरत होते.

पावसाळ्यात गाडी पेंढ्याच्या मांडवाखाली उभी. भावोजींना रिकामपण सोसेना. जाऊबाई सहज म्हणाल्या, की घराला पडवी नाही, तुळस ठेवायची कुठे? त्यांनी बाजूला हातभर रुंद पडवी काढली. वहीत लिहायला मात्र विसरले. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजणारा माणूस स्वतःची पडवी मोजायला विसरला.

मार्गशीर्षात आम्ही आगरदांड्याला पोचलो. दोन होड्या जोडून बांधलेली तर तयार होती. तर चालवणारा तांडेल गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"गाडी न्हाय चढत, काका. ही पडवी कापाया लागंल."

भावोजींनी वही उघडली, मिटली आणि पेटीतून करवत काढली. पहिला ओरखडा पडला तोच आतून जाऊबाईंचा आवाज आला.

"अहो, राहत्या घराची पडवी तोडतात का?"

"मग माहेर?"

"माहेर माझं पलीकडं आहे, पडवीत नाही. झोपाळ्याची फळी काढा."

कड्या सोडल्या. फळीवर जाऊबाईंना बसवून चार कोळ्यांनी अलगद तरीवर नेले. "आजीची वरात निघाली," असे तांडेल म्हणाला आणि जाऊबाई लाजल्या. सोबतीला मी. भावोजी मात्र काठावरच थांबले. घरात संध्याकाळी दिवा कोण लावणार? नियम त्यांच्याच बायकोचा.

पलीकडेही तसेच चढवून नेले. वडिलांनी लेकीचा चेहरा हातांनी चाचपला. मी चहाचे आधण ठेवले. ऊन कलताना ती दोघे ओटीवर बसली होती. समोर खाडी, तिच्या पार उत्तरेच्या काठावर आमच्या गाडीचा पांढरा ठिपका. पाहता पाहता त्या ठिपक्यात काळी चौकट उमटली.

"काय दिसतं गं?" म्हाताऱ्याने विचारले.

"आमचं दार."

"म्हणजे दक्षिणेला केलं? आणि तुला चाललं?"

जाऊबाई तिकडेच पाहत होत्या. "मला दिसावं म्हणून केलं असेल," त्या म्हणाल्या.

आम्ही आठ दिवस राहिलो. दार आठही दिवस तसेच होते. दार तिकडे म्हणजे रांधणाऱ्याचे तोंड पूर्वेला नाही; मग त्यांनी चूल कशी पेटवली आणि काय खाल्ले, ते आम्ही विचारले नाही.

आता बैल नाहीत, भावोजीही नाहीत. खोली वाडीत विहिरीजवळ उभी आहे आणि जाऊबाई दुपारच्या तिथे पडवीत बसतात. दार पुन्हा दक्षिणेला आहे. कामाचा गडी आला आहे, पूर्वेला फिरवून घेऊ का, असे मी एकदा विचारले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आता ते पलीकडे आहेत. त्यांना दिसायला हवं."

मी गड्याला परत पाठवले. आडव्या चाकाला मात्र दर पंधरवड्याला तेल घालते. गंजू देऊन कसे चालेल?