दुर्वांच्या जुडीमागे

फोन आला तेव्हा मी दारात सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराकडून उंडे घेत होते. दादाचा फोन सकाळी कधी येत नाही. त्या वेळी तो सर्वणला कुळागरात माडांना पाणी लावत असतो. "शैला, ये तू," एवढंच म्हणाला. मग फोन तसाच चालू राहिला... पलीकडून नुसता कोंबड्याचा आवाज. पोदेरानं माझ्या तोंडाकडे बघितलं, सायकल स्टँडवर लावली आणि हळूच म्हणाला, "सर्वणची बाय?" मी मान हलवली. टोपलीवरचं प्लास्टिक उगाच नीट करत तो म्हणाला, "तिणें म्हाका प्रधान केल्लो." खरंच केला होता. मुलांच्या एका गोष्टीच्या पुस्तकात राजाच्या शेजारी हा आमचा डिचोलीचा पोदेर जरीची पगडी घालून, मिशीसकट बसलेला आहे. त्या दिवशी त्यानं उंड्यांचे पैसे घेतले नाहीत.

माझी वहिनी, दादाची बायको कुमुद, गेली त्याला आता महिना होऊन गेला. तुमच्या घरात मुलं असतील तर तिची चित्रं तुम्ही बघितलेली आहेत, फक्त ती कुणाची हे ठाऊक नाही. पुस्तकाच्या आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात नाव, तेवढंच. ती पेडण्याकडची, मोपाच्या सड्याखालच्या एका वाडीवरची. आमचे बाबा लवकर गेले, त्यामुळे मुलगी बघायला गेले ते आप्पाकाका, बाबांचे चुलतभाऊ आणि आमच्या पाच घरांच्या भाऊबंदकीतले कर्ते. मुलगी बघून परत आले ते हातात एक कागद घेऊन. कागदावर आप्पाकाकाच, जांभई देताना! चहा होईपर्यंत पोरीनं स्वयंपाकघराच्या दाराआडून काढलेलं. आई कपाळाला हात लावून बसली. आप्पाकाका मात्र म्हणाले, "जी पोर आपल्याला बघायला आलेल्यालाच बघून घेते, तिच्याकडे लक्ष ठेवायला नको. तीच सगळ्यांकडे लक्ष ठेवील." असं हे लग्न जमलं.

लोकांच्या डोक्यात कलाकार म्हणजे केस विस्कटलेला, तंद्रीत असलेला, घरच्यांना वैताग आणणारा. हात जोडते बाबांनो! आमच्या वहिनीची पेज कधी उतू गेली नाही. स्वयंपाकघरातल्या जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात, एक जुनं मेज होतं, त्याच्या एका टोकाला भाजी चिरायची आणि दुसऱ्या टोकाला राजवाडे, जंगलं, समुद्र. मुलांना झोपाळ्यावर बसवून पाढे म्हणायला लावायची, हाताखाली वाघाचे पट्टे चालूच. तिचा नियम एकच होता: जे डोळ्यांनी बघितलेलं नाही ते काढायचं नाही. त्यामुळे तिच्या पुस्तकांतली सगळी माणसं सर्वण, मुळगाव, डिचोलीची. दादाला तिनं राक्षस केला, आणि हा शहाणा ते पुस्तक पाहुण्यांना काढून दाखवायचा. मला चेटकीण केली. नाक हुबेहूब माझं! "वन्सं, दुसऱ्या कुणाला शोभलं नसतं हो," म्हणाली, वर मला खोबऱ्याची वडी दिली. पुण्याच्या एका प्रकाशकानं उंटाची गोष्ट पाठवली, तर हिनं कळवलं की उंट मी बघितलेला नाही, रेडा चालेल का? आम्हाला वाटलं, आता संपलं, पुन्हा काम यायचं नाही. पण लेखकानं गोष्टच बदलली. त्या पुस्तकातला रेडा आमच्या गोठ्यातला आहे, आणि तो पानातून असा बघतो की मूल आपोआप चार बोटं मागे सरकतं.

मी जन्मभर शाळेत शिकवलं, हुशार माणसं पुष्कळ बघितली, पण तिच्यासारखं बघणारं माणूस नाही बघितलं. एकदा तिनं आईचे हात काढले, नारळ खवणारे. नुसते हात. आई सासू म्हणून तशी खाष्टच. तिनं कागद उजेडात धरला आणि विचारलं, "हे माझे?" वहिनी म्हणाली, "मग कुणाचे?" आईनं कागद परत दिला. पण त्या संध्याकाळी मी तिला बल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसून स्वतःच्या हातांना खोबरेल चोळताना बघितलं, सावकाश, एकेका बोटाला. जन्मात तिनं ते केलं नव्हतं. एखाद्या बाईला तिचेच हात परत मिळवून देणं ही काय साधी गोष्ट आहे?

आता चवथीची गोष्ट सांगते, कारण वहिनी खरी केवढी होती ते मला तिथे कळलं. आमच्याकडे मातीचा गणपती नाही, कागदाचा आहे. पोर्तुगिजांच्या काळात घरात मूर्ती सापडली तर धडगत नव्हती. कागद मात्र गुंडाळून भाताच्या कोठारात लपवता यायचा. कुणा पूर्वजानं काव, हळद आणि काजळ घेऊन काढलेला तो गणपती, एका पायाला चुकून सहा बोटं असलेला. पाचही घरांची चवथ दादाच्या घरी, कारण ते मूळ घर. वर माटोळीला, म्हणजे देवावर टांगलेल्या लाकडी चौकटीला, सुपारीचे घोस, तोरिंजनं, रानातली फळं, आणि खाली हारांत बुडालेला देव. चवथ झाली की कागद पुन्हा पेटीत. लपवायचा काळ कधीच संपला, पण लपवायची सवय राहिली. या देवाचा फोटो काढायचा नाही, हा नियम आजही आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी छपराचा एक नळा फुटला आणि पाणी नेमकं त्या पेटीवर ठिबकत राहिलं. चवथीच्या आधी पेटी उघडली तर देवाचं पोट शाबूत, उंदीर शाबूत, सहा बोटं शाबूत, आणि तोंडाच्या जागी नुसता तांबूस ओघळ. ते वर्ष कसंबसं हारांखाली निभावलं. मग पाच घरांची बैठक बसली. नवं चित्र वहिनीनं काढावं यावर कुणाचंच दुमत नव्हतं. वहिनी म्हणाली, "काढते. सोंड कुठल्या बाजूला होती तेवढं सांगा."

आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले!

अहो, पिढ्यान् पिढ्या पूजा केलेली माणसं, एकालाही सांगता येईना. येणार कसं? मोठाले हार, वर लोंबणारी माटोळी, आणि देवापुढे गेलं की आमची मान खाली. कागद लावायचे आणि गुंडाळायचे ते जुने भटजी, तेही आता नव्हते. आप्पाकाका म्हणाले, उजवी. दादा म्हणाला, डावी. कुणीतरी विचारलं, देवाची डावी की आपली डावी? झालं, त्यावर वेगळी जुंपली. एका नातवानं नियम मोडून काढलेला फोटो भीत भीत पुढे केला. त्यात आप्पाकाकांची उघडी पाठ होती, बाकी काही नाही. हसण्यावारी जाईल असं मला वाटलं, पण नाही गेलं. उजव्या सोंडेचा देव कडक, त्याचं सोवळं वेगळं. आप्पाकाका म्हणाले, "जन्मभर मी कडक पाळलं ते काय उगाच? डावी काढली तर आमच्या दोन घरांची चवथ या वर्षीपासून वेगळी." दादाही तसलाच, बापाचा वाण. "मूळ घरात काय होतं ते मूळ घराला कळतं," म्हणाला. ज्या काळात देव लपवावा लागला तेव्हा ही घरं फुटली नाहीत, आणि आता सोंडेवरून फुटायला निघाली.

मधे कोण? तर वहिनी. एकीकडे नवरा, दुसरीकडे तिला या घरात आणणारे आप्पाकाका, ज्यांनी पहिली कितीतरी वर्षं तिची चित्रं पुठ्ठ्यात बांधून स्वतः डिचोलीच्या पोस्टात नेऊन टाकली होती. दोघेही तिला एकटी गाठून सांगून गेले. ती दोघांनाही "बरं" म्हणाली. त्या दिवसांत ती बारीक झाली. रात्री जेवायची नाही, दादाशी धड बोलायची नाही. मी म्हटलं, "चिठ्ठ्या टाक आणि मोकळी हो." ती म्हणाली, "वन्सं, चिठ्ठीत निघेल ते देवाचं तोंड कसं असेल?"

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधून झाल्यावर तिनं कागद उलगडला. तोच देव. तीच काव, तीच हळद, सहा बोटंसुद्धा ठेवलेली. फक्त एक हात तिनं वर उचलला होता. त्या हातात दुर्वांची भरगच्च जुडी, मधे एक लाल जास्वंद, आणि देव ती जुडी तोंडाशी धरून वास घेतोय, डोळे अर्धे मिटून, एखादं पोर ओल्या गवताचा घेतं तसा. सोंड वरून खाली येते आणि दुर्वांच्या मागे जाते. टोक दिसतच नाही. आप्पाकाका काठी टेकत जवळ गेले. खूप वेळ बघितलं. "उजवीच," म्हणाले. "ही काय, वळते आहे." दादा त्यांच्या खांद्यावरून म्हणाला, "काका, डावी आहे. सरळ दिसते की!" पण भांडण झालं नाही. दोघांच्याही तोंडावर जिंकल्याचा आनंद होता, आणि जिंकलेली माणसं कशाला भांडतील? दुसऱ्या दिवशी आरतीला मी मागे वळून बघितलं. पाच घरांतलं एकही माणूस खाली बघत नव्हतं. सगळे माना वर करून देवाचं तोंड बघत होते, अगदी डोळे भरून. हे आमच्या घराण्यात कधी घडलं नसेल.

त्यानंतर थंडीत तिचं दुखणं निघालं. वाढत गेलं. इस्पितळात मी तिच्याजवळ बसायचे, माझी बडबड चालू. एके दुपारी म्हटलं, "वहिनी, तू बिलंदर खरी. माहीत नाही म्हणायच्या ऐवजी सगळ्यांना दुर्वा दाखवल्यास." ती हसली. म्हणाली, "माका माहीत होती, वन्सं."

मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. लग्नानंतरची पहिली चवथ. उत्तरपूजेला भटजींनी हार उतरवले तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. नव्या नवरीनं तर घालायलाच हवी होती. "मी नाही घातली," ती म्हणाली. "इतका जुना हात, इतकी सुंदर रेघ... कशी घालणार मान? अख्खी सोंड बघितली मी. अजून दिसते."

"मग बैठकीत बोलली का नाहीस? आणि तुझा तो नियम? बघितलं ते काढायचं?"

"मला वाटलं, आणखी कुणीतरी बघितली असेल, म्हणून विचारलं. मग जुंपलीच, कुणाचं घर मोडू? आणि काढली की." तिला धाप लागत होती. "पहिली तीच काढली. जशी होती तशी, टोकापर्यंत. दोन दिवस तिच्याकडे बघत बसले. मग वरून दुर्वा काढल्या." आयुष्यातली सगळ्यात चांगली रेघ काढायची आणि ती स्वतःच्याच हातानं झाकायची... माझ्यासारखीला चार ओळींचा निबंध खोडवत नाही हो! मग मी विचारलं, कुठल्या बाजूला? तिनं मला जवळ बोलावून सांगितलं.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळा गाव जाणतो. बाराव्याला पाचही घरं जमली होती. जेवणं झाल्यावर सगळे तिच्या मेजाभोवती बसले, ब्रश तसेच बाटलीत उभे होते. कुणीतरी चवथीचा विषय काढला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की सोंड दुर्वांच्या खाली आहे, तिनं खरी बघितलेली, खरी काढलेली, आणि मरताना तिनं मला बाजूही सांगितली आहे. बोलून गेले आणि जीभ चावली. म्हटलं, घातलास घोळ! तिनं सांधलेलं सगळं तू तिच्या बाराव्याला उसवणार.

आप्पाकाकांनी बाटलीतला एक ब्रश उचलला, परत ठेवला. मग दादाला म्हणाले, "तुझी डावीच असणार रे. बायल तुझी, घर तुझं. माझी नजर तेव्हाही अधू."

दादा म्हणाला, "नाही काका. तुम्ही इतकी वर्षं पूजेला बसलात. उजवीच असणार."

"डावी म्हणतो ना मी!"

"काका, हट्ट करू नका. उजवी होती."

"मला शिकवतोस तू?" आप्पाकाकांनी काठी आपटली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दादाच्याही. डावी, उजवी, डावी... दोघांचे आवाज पार गोठ्यापर्यंत गेले असतील. मी मेजापाशी उत्तर घेऊन बसले होते. मला कुणीच विचारलं नाही.