जास्तीचा माणूस

टेबलावर पंधरा हेल्मेट मांडून ठेवली होती. आम्ही सोळा जण होतो.

जर्मनीतला रसायनांचा कारखाना. एवढा मोठा, की आत बसने फिरवतात. पुण्याहून आमच्या कॉलेजचे चौदा विद्यार्थी, विभागप्रमुख आणि मी. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, पत्रात पंधरा आकडा आहे, पंधराच आत जातील. पत्र मी पाठवलं होतं. त्यात स्वतःला मोजायला विसरलो होतो.

म्हणजे जास्तीचा माणूस मी. बाहेर मी थांबायचं.

विभागप्रमुखांची नजर पोरांवरून फिरली आणि हडपसरच्या एका मुलीवर थांबली. सरकारी शिष्यवृत्तीवर आलेली ती एकटीच.

"तू थांब गं बाहेर." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अहो, कोट्यातल्यांना सगळीकडे पहिली जागा मिळतेच. आज एकदा मागं राहिली तर काय बिघडलं?"

पोरं हसली. मीही हसलो.

हे तोवर कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. मी बौद्ध आहे. त्याच कोट्यातून शिकलो, नोकरीला लागलो. आडनावावरून कळत नाही, आणि मी कळू दिलं नाही. कोथरूडच्या घरी सहकारी येणार असले, की हॉलमधली बुद्धाची मूर्ती कपाटात जायची. बायकोने त्यावर बोलणं कधीच सोडलं होतं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी हेल्मेटचा पट्टा लावत होतो.

दोन तास आत फिरलो. काय पाहिलं, आठवत नाही. डोक्यावरचं वजन तेवढं आठवतं. बाहेर आलो तर ती त्याच खुर्चीवर, वहीत लिहीत बसलेली. परतताना बसमध्ये शेजारी येऊन हळूच म्हणाली, "सर, तुम्ही आमच्यातलेच ना? बाबा तुमच्या वडिलांना ओळखायचे म्हणतात."

"नाही. त्यांचा गैरसमज झाला असेल."

"सॉरी सर."

सॉरी ती म्हणाली.

मागच्या आठवड्यात भेटीचे अहवाल तपासायला आले. प्रत्येकावर विभागप्रमुखांची आणि माझी, दोघांची सही लागते. तिचा अहवाल एका पानाचा. 'मला कारखाना दिसला नाही. खिडकीतून धुराची एक चिमणी आणि पार्किंग दिसले.' खाली विभागप्रमुखांचं ते वाक्य, जसंच्या तसं. आणि शेवटी, 'दुसरे सर तिथे हजर होते.' एवढंच. हसले, असं तिने लिहिलं नव्हतं.

विभागप्रमुखांनी शून्य टाकलं, सही केली, पान माझ्याकडे सरकवलं.

"प्लांट न बघता रिपोर्ट! धन्य आहे. करा सही, चहा गार होतोय."

वीस वर्षं त्यांच्या सहीखाली माझी सही आपोआप होत आली. त्या दिवशी हात चालला नाही.

"मी शून्यावर सही करणार नाही, सर."

"का हो? तुमची कोण लागते ती?"

"मीही त्याच कोट्यातला आहे."

त्यांनी कप खाली ठेवला.

मी शून्याखाली लिहिलं: 'आकडा मी चुकवला. बाहेर मी थांबायला हवं होतं. वरचं वाक्य मी ऐकलं आणि हसलो. मी बौद्ध आहे.' त्याखाली माझी सही. पान प्राचार्यांच्या हातात दिलं.

मुलीची माफी अजून मागितलेली नाही. आत्ता मागितली तर तीच पुन्हा सॉरी म्हणेल. आधी प्राचार्यांनी लावलेली चौकशी होऊ दे. तिथे सगळ्यांसमोर सांगणार, हसलो होतो तेही.

रविवारी विभागप्रमुख समजूत काढायला घरी येणार आहेत. मूर्ती हॉलमध्ये आहे. ती आता हलणार नाही.