पाठमोरी पंगत

हवालदार हिंदुराव मोहित्यांची जयपूरच्या छावणीत बदली झाली ती एकसष्टच्या उन्हाळ्यात. त्यांची बायको भागुबाई कोरेगावकडची. झाशी, अंबाला सगळं फिरून झालं, तरी 'भैया' आणि 'बस' यापलीकडे हिंदी काही त्यांच्या तोंडी बसली नाही. भाजीवाल्याशीही त्या मराठीतच भांडत, आणि तो निमूट ऐकून घेई.

क्वार्टरमागे रसदीचं गोदाम होतं. तिथे सातआठ रानटी मांजरं राहत. माणूस दिसला की फिस्कारून पोत्यांमागे पसार. गोदामावरचा नाईक भंवरसिंह, सहा फूट उंच, मिशा कानांपर्यंत. एका बोक्याने त्याचा हात असा ओरबाडला की आठवडाभर सलाम ठोकताना तो कळवळायचा. शेवटी सगळ्या मांजरांना पोत्यात घालून दूर सोडून यायचं त्याने ठरवलं. हिंदुरावांनी जेवताना हे सांगितलं, तेव्हा भागुबाईंचा घास हातातच राहिला.

"ही न्याल तर चार दिसांत दुसरी येतील," त्या म्हणाल्या, "आन् तवर उंदरांचं राज्य. हायती तीच वळखीची केल्याली बरी." हे हिंदुरावांनी भंवरसिंहाला पटवलं आणि पोतं बाजूला पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला त्या दुधात कुस्करलेल्या भाकरीची थाळी घेऊन गोदामामागे गेल्या. थाळी ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग बारीक आवाजात हाक मारली, "या गं बायांनो, बसा जेवाय." पाठ कशाला, असं हिंदुरावांनी विचारलं. त्या म्हणाल्या, जेवताना तोंडाकडे टक लावली तर पाहुणासुद्धा लाजतो.

तीन दिवस कावळेच जेवले. चौथ्या दिवशी पाठीमागे लपलप ऐकू आली. वळून बघायची इतकी ऊर्मी आली की भागुबाईंची मान आखडली, पण वळल्या नाहीत. महिन्याभरात हाकेसरशी सगळी पंगत जमू लागली. हात मात्र त्यांनी एकीलाही लावला नाही.

फक्त एक मांजर लंगडत होतं. थाळीवर काठीच्या आधाराने टोपली उभी करून त्यांनी त्याला आठ दिवस तिच्याखाली जेवायची सवय लावली. नवव्या दिवशी काठी ओढली आणि टोपलीसकट ते लष्करी घोड्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या वहीत मांजराचा रकानाच नव्हता. त्यांनी 'खेचर, लहान' असं लिहिलं आणि पंजातला बाभळीचा काटा काढला.

पुढे बहिणीच्या बाळंतपणासाठी भागुबाई दीड महिना गावी गेल्या. थाळीचं काम त्यांनी भंवरसिंहावर सोपवलं. त्याने दोन दिवस 'आ जा, आ जा' केलं. एक मिशी हलली नाही, मांजराची. तेव्हा हिंदुरावांनी त्याच्याकडून ते मराठी वाक्य घोकून घेतलं, बारीक आवाजासकट. अर्थ त्याने विचारला नाही. मांजरं मात्र आली.

त्याच आठवड्यात पुण्याकडचे नवे मेजरसाहेब रुजू झाले. फेरी मारत चारच्या सुमाराला ते सपत्नीक गोदामामागे आले, तर एक धिप्पाड नाईक भिंतीकडे तोंड करून किनऱ्या आवाजात म्हणत होता, "या गं बायांनो, बसा जेवाय."

मेजरसाहेब थबकले. बाईसाहेब त्यांच्या मागे सरकल्या. साहेबांनी मराठीतच विचारलं, "कुठल्या बाया?"

भंवरसिंह ताडकन उभा राहिला. प्रश्न मराठीत होता एवढं त्याला कळलं, म्हणून येत होती तेवढी सगळी मराठी त्याने सलाम ठोकून खणखणीत ऐकवली, "या गं बायांनो, बसा जेवाय, साब!"

हिंदुरावांना धावत यावं लागलं. सगळं ऐकून साहेबांनी गोदामातली पोती उलटीपालटी करून पाहिली. एकही कुरतडलेलं नव्हतं. पंगत चालू ठेवायचा हुकूम त्यांनी तिथेच दिला. बाईसाहेब मात्र हसू आवरेना म्हणून आधीच तिथून निघून गेल्या होत्या.

भागुबाई परतल्यावर त्यांना ही हकीकत सांगितली. त्यांना हसू आलं नाही. भंवरसिंह पाठ करूनच बसत होता ना, एवढंच त्यांनी विचारलं.

पासष्टला हिंदुराव पेन्शनवर कोरेगावला आले. वर्षाने भंवरसिंहाचं कार्ड आलं. हिंदुरावांनी हिंदीतून मराठी करत वाचून दाखवलं, की गोदामामागे नवी चार पिलं झाली आहेत आणि चारही माणसांना फार भितात.

"भिऊ द्या की," भागुबाई म्हणाल्या, "जेवत्यात का तेवढं इचारा."