काळीपिवळीवाले मामा

जनावर कितीही कण्हत असो, आम्ही सगळे ज्यांना मामा म्हणायचो ते त्याला लगेच हात लावत नसत. आधी त्याच्यापुढे उकिडवे बसत, उलटा पंजा त्याच्या नाकाशी धरत आणि स्वतः दुसरीकडेच बघत राहत. आपण घाई केली की म्हणत, "थांबा हो बाई. वळख तर पटू द्या."

हा नियम त्यांनी माणसांनाही लावला होता. त्यांच्या जनावरांच्या निवाऱ्यात कुणी मोटारीतून उतरून थेट फोटो काढायला लागलं, की मामा त्याला बाजेवर बसवत, पाण्याचा तांब्या हातात देत आणि काहीच बोलत नसत. पाहुणा गप्प होऊन इकडेतिकडे पाहू लागला, की मग उठत. "हां, आता चला." तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्यापुढे आपला आवाज आपोआप खाली येतो.

मामा मूळचे किल्लारीच्या बाजूचे. काळीपिवळी जीप चालवायचे. भूकंप झाला तेव्हा ते भाडं घेऊन लातुरात होते. घरची माणसं रानातल्या झोपडीत निजलेली, म्हणून तीही वाचली. पुढे कितीतरी दिवस त्यांची जीप जखमींना घेऊन लातूरला यायची आणि रिकामी परत जायची. अशाच एका फेरीत ढिगाऱ्याशेजारी दाव्याला बांधलेली म्हैस ओरडताना दिसली. मालक उरला नव्हता. कास तटतटून फुगलेली. मामा खाली बसले, तिची धार काढली, दूध तिथेच मातीत सोडलं. कुणीतरी खेकसलं, "माणसं मरायलीत अन् तुला म्हशीचं पडलंय?"

"त्याचंबी खरं होतं बाई," मामा सांगत. "पण ती माझ्याकडंच बघायली होती. काय करावं मग?"

ओळखीच्या टेम्पोतून त्यांनी ती म्हैस रेणापूरजवळ, सासुरवाडीच्या पडीक रानात आणून बांधली. मागोमाग दोन बैल आले, एक लंगडी शेळी आली. निवाऱ्याची पाटी लागली ती पुष्कळ वर्षांनी.

माझी त्यांची गाठ पडली लातूरच्या क्लासमुळे. मी तिथे जीवशास्त्र शिकवायची. गल्लोगल्ली क्लास, मेस आणि भाड्याच्या खोल्या. परगावची एकटी पडलेली पोरं खोलीत चोरून कुत्र्याचं पिल्लू नाहीतर मांजर पाळायची. परीक्षा संपली की आईवडिलांची गाडी यायची, गाद्या-पुस्तकं चढायची आणि पिल्लू फाटकाशी उभं राहायचं. मग मामा जीप घेऊन गल्ल्यांतून फिरत. मागचं बाक काढून तिथे गोणपाट अंथरलेलं असे. पोरांवर कधी रागावले नाहीत. "जीव लावाया तर शिकली," एवढंच म्हणत. पिल्लांची नावं मात्र क्लासातूनच यायची. "केमिस्ट्री लई चावती," ते मला गंभीरपणे सांगत. "तुमची बायलॉजी गरीब हाय."

एका वर्षी निकाल लागला त्या दिवशी माझ्या वर्गातली एक मुलगी सापडेना. अहमदपूरची, मेडिकलसाठी दुसऱ्यांदा परीक्षा दिलेली. मार्क पुन्हा कमी पडले होते. फोन खोलीतच टाकून ती निघून गेली होती. तिचे वडील शाळेत मास्तर. मिळेल त्या एसटीने आले. आम्ही दोघं माझ्या स्कूटीवर स्टँड, रेल्वे स्टेशन, मैत्रिणींच्या खोल्या धुंडाळत होतो. जिथे बघायची भीती वाटत होती तिथेही बघून आलो. मास्तर मागे बसून एकच वाक्य घोकत होते, "मी काही बोललो नव्हतो हो तिला. खरंच काही बोललो नव्हतो."

भर दुपारी मामांचा फोन आला.

"बाई, तुमची एक पोरगी हितं हाय. पिल्लू सोडाया आली होती. लई रडली. नाव आत्ताशी सांगितलं तिनं. आता काम करायली. सावकास या, पण या."

मी स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली. मास्तरांना सांगितलं, आणि पुढे स्कूटी त्यांनीच चालवली; मी मागून रस्ता सांगत होते.

निवाऱ्यात गोठ्याच्या सावलीत एक गाय बसली होती. आदल्या दिवशी डॉक्टरांनी तिचं पोट उघडून प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा काढला होता. तिने रवंथ केला तरच ती वाचली म्हणायची, असं सांगून गेले होते. आमची मुलगी तिच्या मानेशी बसून लिंबाच्या डहाळीने माश्या हाकत होती. मास्तर धावतच आत शिरले. "अगं तुला काही..."

मामा सलाईनची बाटली धरून उभे होते. ते दोघांच्या मध्ये आले. "मास्तर, आलात ते बरं झालं. जरा हे उंच धरा. माझा हात भरून आलाय."

मास्तरांनी बाटली धरली. गाईच्या एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला लेक. कुणी कुणाकडे बघेना. मामा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि मी काही बोलू नये म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

बऱ्याच वेळाने गाईचा जबडा हलला. थांबला. पुन्हा हलला, आणि मग सावकाश हलतच राहिला.

"बाबा, बघा! रवंथ करायलीय!"

मास्तरांनी बाटली तशीच उंच धरलेली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मीपण नाही."

मामा तोवर चुलीकडे वळलेसुद्धा होते. पिठलं-भाकरी खाताना मास्तरांनी घरी फोन लावला. "सापडली. ठीक आहे. गाय बघायली," एवढंच बोलले आणि पलीकडची रडारड ऐकत हसत बसले. ती मुलगी पुन्हा त्या परीक्षेला बसली नाही. नांदेडला शिकली, आता तिथेच एका लॅबमध्ये असते. मजेत आहे.

पुढे मामांचे गुडघे गेले, दिसणंही कमी झालं. निवारा भाचीने हाती घेतला आणि त्यांच्या स्वतःच्या लेकीने त्यांना नांदेडला आपल्या घरी नेलं. तिथे त्यांना करमायचं नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी भेटायला गेले, तर मामा गॅलरीत खुर्चीवर. गुळगुळीत दाढी केलेली, अंगाने भरलेले.

"आठवण येते का मामा?"

"येती की." मग आत लेक नाही ना, ते बघून हळूच म्हणाले, "पण खरं सांगू का बाई? सकाळी कुणी वरडत न्हाई. लई बरं वाटतंय."

आम्ही दोघंही हसलो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पान्याची टाकी दुरुस्त झाली?"

"झाली."

"अन् ती गाभण शेळी?"

"व्याली. दोन करडं झाली. धडधाकट आहेत."

"बरं झालं," मामा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. पुढे माझं पुन्हा नांदेडला जाणं होण्याआधीच ते गेले; तीच आमची शेवटची भेट. त्या दिवशी लेक चहा घेऊन आली तेव्हा ते हलकेच घोरत गाढ झोपले होते, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. चहा निवून गेला, तरी आम्ही त्यांना उठवलं नाही.