चाचांची फूटपट्टी

जाफराबादेत शांतता पोलिसांमुळे नांदते असा काहींचा समज आहे. मला विचाराल तर इतकी वर्षं ती स्टँडजवळच्या फ्लेक्सवाल्या चाचांच्या फूटपट्टीवर नांदत आली. कुणाचा फोटो केवढा आणि कुणाशेजारी, एवढ्यावरून आमच्याकडे माणसं सोयरिकी मोडतात. म्हणून चाचा संगणकाच्या पडद्याला पट्टी लावून प्रत्येक पुढाऱ्याचं डोकं मोजतात, तेही फेटा वगळून. एकदा एका सभापतींचे कार्यकर्ते तणतणत आले, तर चाचांनी पट्टीच त्यांच्या हातात दिली. "मोजा. बराबर सव्वा इंच हाय. तुमच्या साहेबांचे गालच बसलेले, त्याला मी काय करू?" पुढं एकाच पक्षाच्या दोन गटांना चौकातली एकच जागा हवी झाली, तेव्हा चाचांनी दोन्ही बाजूंनी छापलेला फ्लेक्स टांगला. भोकरदनकडून येणाऱ्याला एक नेता, चिखलीकडून येणाऱ्याला दुसरा. आपलीच बाजू पुढची, असं समजून दोन्ही गटांनी पेढे वाटले. स्वतःचं मत मात्र चाचांनी कधी सांगितलं नाही. मी खोदून विचारलं की म्हणायचे, "आपल्याला शाई वाळली का न्हाई येवढंच पाहायचं असतंय, सर."

पण आरक्षणावरून गावात दोन तट पडले आणि हे सगळंच अवघड होऊन बसलं. चाचा कुठल्याच तटातले नव्हते, म्हणून दोघंही त्यांच्याकडेच यायचे, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचं काय छापलं ते आधी विचारायचा. चाचा थकत चालले होते, हे मला दिसत होतं.

अशातच आमचे जुने गुरुजी वारले. चाचांना, मला, अर्ध्या गावाला त्यांनीच शिकवलेलं. श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा म्हणून दोन्ही तटांची माणसं आपापल्या नावांची यादी घेऊन एकाच सकाळी दुकानात आली. चाचा म्हणाले, एकच फ्लेक्स करू, नावं मिसळून टाकू. दोन्ही तटांनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या नावाशेजारी आमचं नाव नको. तेव्हा चाचांनी मशीनचं बटण बंद केलं.

"मंग बिलकुल छापत न्हाई. कुणाचंच न्हाई. गुरुजींनी आपल्याला एका सतरंजीवर बसवलं व्हतं."

"चाचा, निवडणुका तोंडावर आल्यात. धंद्याचा विचार करा," कुणीतरी बजावलं.

"केला," चाचा म्हणाले.

तेराव्याला चौकात तीन फ्लेक्स होते. दोन बाहेरगावाहून छापून आणलेले, नावांनी गच्च भरलेले. तिसरा चाचांचा. त्यावर फक्त गुरुजी, खाली एकही नाव नाही. त्या निवडणुकीत चाचांच्या मशीनवर एकाही पुढाऱ्याचं डोकं चढलं नाही. आता लग्नाचे आणि दुकानांचे बोर्ड तेवढे येतात.

परवा मी मुद्दाम गेलो. त्यांनी चहा सांगितला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. त्या गच्च भरलेल्या दोन फ्लेक्सपैकी एकावर माझंही नाव होतं. यादी करणाऱ्यांनी विचारलं तेव्हा मला नाही म्हणता आलं नव्हतं. चौकातला प्रत्येक फ्लेक्स चाचा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, म्हणजे हाही वाचलाच असणार. त्यांनी तो विषय काढला नाही. मला काढायचा होता. चहा संपेपर्यंत मी पावसाबद्दल बोलत राहिलो.